गल्लीची बोअर आणि प्लांटचा नवा ब्लॉक

५ जानेवारी
श्री कंपनीतून आला आणि बूटही न काढता म्हणाला, "उद्यापासून प्यायला, स्वयंपाकाला कॅनचंच पाणी. बोअरचं फक्त धुण्याभांड्याला." का, तर "विचारू नकोस." औषधांच्या प्लांटात सांडपाण्याचं काम बघणारा नवरा असं म्हणतो तेव्हा मी काय समजायचं?  आमची लेक मुक्ता आजवर बोअरचंच प्यायलीय.

९ जाने.
प्लांटच्या नव्या ब्लॉकची जनसुनावणी २२ला. आताचंच सांडपाणी धड साफ होत नाही, श्री बोलून गेला.
"मग वर सांग ना!"
"सांगितलं. म्हणाले, नवा ब्लॉक झाला की तू मॅनेजर."
आणि जेवायला बसला. मीही वाढलं.

१४, संक्रांत
हळदीकुंकू. समोरच्या रत्नक्का एळ्ळु-बेल्ल, त्यांचा कानडी तीळगूळ, घेऊन आल्या. सोबत लेक श्वेता, बाळंतपणाला माहेरी आलीय. स्वयंपाकघरात डोकावून रत्नक्का म्हणतात, "अय्यो, एवढे कॅन? गल्लीची बोअर आहे की!"
माझ्या तोंडून निघालं, "जड पाणी हो, डाळच शिजत नाही; स्वयंपाकापुरते कॅन."
"सरी सरी, असू दे. आम्हाला तेच गोड लागतं."
श्वेता पोटावर हात ठेवून हसत होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१७
श्रीशी कडाक्याचं भांडण.
"त्या पोरीला तरी सांगू दे!"
"सांग! उद्या गल्ली विचारेल, कुणी सांगितलं? मला घरी बसवतील."
रत्नक्कांच्या वरच्या खोल्यांत भाडेकरू प्लांटचेच. कोपऱ्यावरची खानावळ चालते प्लांटच्याच लोकांवर. नवा ब्लॉक सगळ्यांनाच हवाय. मला वाटतं श्री माझ्यापेक्षा जास्त घाबरलाय, म्हणून एवढा ओरडतो.

२०
श्वेताला उलट्या. डॉक्टर म्हणे, बाहेरचं खाल्लं असेल. असेलही. देवा, तेच असू दे. एक कॅन उचलून त्यांच्या गेटपर्यंत गेले. काय सांगून देणार होते? परत आणला. लाज वाटते.

२२
सुनावणी. श्री पुढे, कंपनीवाल्यांत. मी मागे, रत्नक्कांशेजारी. कुणीतरी म्हणालं, पाण्याला वास येतो. रत्नक्का ताडकन उठल्या. "काही नाही हो! प्लांटचे इंजिनिअर आमच्या समोरच राहतात. त्यांची मुलगी हेच पाणी पिते. ह्या त्यांच्या मिसेस, विचारा ह्यांना!" आणि माईक माझ्या हातात.
श्री वळला. मान हलवली. नको.
मी माईक तोंडाशी धरला. म्हणाले, "आम्ही ते पाणी पीत नाही."
मग नुसता गलका. रत्नक्कांनी शेजारची खुर्ची सोडली, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

संध्याकाळ. श्रीचा फोन बंद. मुक्ता सारखी विचारतेय, बाबा कुठे?
मघाशी श्वेता एकटीच आली. आत ये म्हटलं, आली नाही. दारातूनच म्हणाली, "अक्का, पाणी कधीपासून खराब आहे?"
मला माहीत नाही. मला श्रीने ५ तारखेला सांगितलं. त्याला कधी कळलं होतं, हे मी अजून विचारलेलं नाही.