पाहुणी म्हणे!

भाऊबीज, संध्याकाळ. दिंडोरी.

अजून डोकं तडकलेलंय. सकाळी आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं नुसतं नाव काढलं, तर दादा सगळ्यांसमोर म्हणाला, "तू पाहुणी. फराळ कर अन् जा." पाहुणी! तरी मी शांतपणे म्हणाले, "दादा, मला लागलं हे." तो उठून सरळ द्राक्षाच्या बागेत निघून गेला.

मग ओवाळताना ताट हातात धरून थांबलेच. ओवाळून झाल्याशिवाय पाटावरून उठतो कुठे? विचारलं, "एवढा का चिडलास?"

मान खाली घालून म्हणाला, "बाबा ऑपरेशनमध्येच गेले. लय भीती वाटती मला."

ओवाळलं त्याला. पण राग? तो आहेच. त्या दिवशी दवाखान्याबाहेर तुझा हात कोणी धरला होता रे? पाहुणीने?