चौसष्ट गोळ्या आणि तांदळामागची बरणी

रविवार, १४ डिसेंबर २०२५. सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटे. वर्तकनगर, ठाणे. मी स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यासमोर पाटावर बसून लिहीत आहे. (तांदळासमोर का, ते शेवटी येईल.)

तीर्थरूप चांगदेवमामा,

गावी येईन तेव्हा तुमच्या पायांवर डोके ठेवीनच, तोवर या कागदावर ठेवतो. तुमचा खोकला कमी झाला का? मामींना डोळ्यांत थेंब घालायचे आठवते का? बंटी दहावीचा अभ्यास करतो, की अजून मोबाईलवरच नांगरणी चालू आहे? इकडे आम्ही खुशाल आहोत. म्हणजे आईच्या रक्तातला यकृताचा एक आकडा थोडा वाढला आहे. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, आणि मी सोडून कोणी घाबरलेले नाही. फोन न करता पत्र लिहितो, कारण आमच्या दीड खोलीत फोनवर बोललेले आईला ऐकू जाते, भिंतीपलीकडच्या सुमतीकाकूंना ऐकू जाते, आणि काकूंना गेलेले चारही मजल्यांना जाते. आत्ता दोघी खाली बाकावर उन्हात बसल्या आहेत. त्या वर यायच्या आत मला हे संपवायचे आहे.

आईचे गुडघे तुम्हाला ठाऊक आहेतच. वीस वर्षे पोळीभाजी केंद्रात उभ्याने पोळ्या लाटल्या, शेजारच्या शेगडीवर सुमतीकाकू होत्या, आणि दोघींचे गुडघे एकाच वर्षी गेले. इमारत चार मजली, लिफ्ट नाही, आणि आम्ही चौथ्यावर. गेल्या पावसाळ्यात तर दोघी तीन-तीन आठवडे खाली उतरत नव्हत्या, वरूनच भाजीवाल्याशी भांडायच्या. तेव्हा घोडबंदर रोडवरच्या एका रुग्णालयात गुडघ्यांच्या नव्या औषधाची चाचणी सुरू झाल्याचे कळले. मी मानपाड्याच्या औषधाच्या कारखान्यात पाकिटांवर तारीख नीट छापली आहे का एवढेच पाहतो, पण त्यामुळे कॉलनीत मला अर्धा डॉक्टर समजतात. (बारावीच्या रसायनशास्त्राने मला सोडले, हे तिथे कोणाला माहीत नाही.) म्हणून दोघींना मीच घेऊन गेलो.

मामा, औषध बाजारात यायला किती वर्षे लागतात हे मला कारखान्यात राहूनही माहीत नव्हते. तिथल्या दर्शना मॅडम, ज्या पेशंटच्या तारखा, वह्या आणि गोळ्या सांभाळतात, त्यांनी समजावून सांगितले. आधी प्रयोगशाळेत हजारो पदार्थ तपासतात. त्यांतले बहुतेक तिथेच नापास. उरलेले उंदरांना वगैरे देतात, त्यात आणखी नापास. मग थोड्या धडधाकट माणसांना, फक्त बाधत नाही ना ते बघायला. मग थोड्या आजारी माणसांना. मग शेकडो आजारी माणसांना. यात दहा-बारा वर्षे जातात, आणि अगदी शेवटच्या पायरीवरही औषध नापास होऊ शकते. मला त्या औषधाबद्दल फार आपुलकी वाटली. इतक्या वेळा परीक्षेला बसणे सोपे नाही.

सहीच्या आधी बावीस पानांचे संमतिपत्र असते. ते मी दोघींना मोठ्याने वाचून दाखवले. त्यात शुद्धलेखनाच्या चौदा चुका निघाल्या, त्यांची यादी मी दर्शना मॅडमना दिली. त्या म्हणाल्या, "हर्षित, यातली एक वेलांटी बदलायची तरी रुग्णालयाच्या नैतिकता समितीची मंजुरी लागते." खरोखरच यादी समितीकडे गेली आणि दीड महिन्याने दुरुस्त पत्र आले, तेव्हा सगळ्या पेशंटांना पुन्हा सह्या कराव्या लागल्या. (यात माझा काहीसा दोष आहे असे तिथल्या शिपायाचे मत आहे.)

पण खरा घोळ नवव्या पानाने केला. तिथे लिहिले होते की निम्म्या लोकांना खरे औषध मिळेल आणि निम्म्यांना अगदी तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी. कोणाला काय, हे पेशंटला माहीत नाही, डॉक्टरलाही नाही. आई म्हणाली, "म्हणजे फसवणूकच की!" मी म्हणालो, अगं, फसवणूक नाही. डॉक्टरने हात लावला तरी माणसाला बरे वाटते. मग ते गोळीने वाटले की हाताने, हे कसे कळणार? म्हणून निम्म्यांना कोरी ठेवायची. 'कोरी गोळी' हा सुमतीकाकूंचा शब्द. त्यांनी तिथेच विचारले, "मग आमच्यात कोरी कोणाची?" मी म्हणालो, दोघींची खरी असेल, दोघींची कोरी असेल, किंवा एकीची खरी आणि एकीची कोरी. हे शेवटचे वाक्य मी बोलायला नको होते.

तीन सप्टेंबरला गोळ्या सुरू झाल्या. दर चार आठवड्यांनी एक बाटली, बाटलीत पस्तीस गोळ्या, रोज एक, म्हणजे परत नेताना सात उरायला हव्यात. घरी एक वही, तीत रोज दुखण्याचा आकडा लिहायचा, शून्य ते दहा. आई आकड्यांच्या बाबतीत फार भिडस्त. पहिल्या दिवशी तिने दर्शना मॅडमना विचारले, "बाकीच्यांचं किती असतं? त्याहून एक कमी लिहा." काकूंनी अकरा सांगितले. दर रविवारी सकाळी मी दोन्ही बाटल्या ताटात ओतून मोजायचो, आणि आकडा नेहमी इतका बरोबर यायचा की मला मनातून अभिमान वाटायचा. ऑक्टोबरअखेर आईचा आकडा सातावरून चारावर आला. काकूंचाही आला. दोघी दिवसाआड खाली उतरू लागल्या.

मामा, आमच्या मजल्यावरची दिवाळी तुम्ही पाहिलेली आहे. आई आणि काकू फराळ एकत्र करतात, एका दिवशी आमच्याकडे, एका दिवशी त्यांच्याकडे, आणि मग सगळे एका परातीत ओतून मोजून वाटतात. एक तुला, एक मला. सत्तावीस वर्षे हाच नियम आहे. एकीच्या चकल्या वातड झाल्या तर त्या एकीनेच का खायच्या? निम्म्या वातड दोघींनी खायच्या, निम्म्या कुरकुरीत दोघींनी. मला हा नियम लहानपणापासून फार आवडतो.

शनिवारी, २९ नोव्हेंबरला, दुसऱ्या दिवशी ओव्हरटाइम असल्यामुळे मी गोळ्या एक दिवस आधी मोजायला काढल्या. आईची बाटली रिकामी. आई भांडी घासत म्हणाली, "सुमतीकडे आहेत." शेजारी गेलो, तर काकूंची बाटलीही रिकामी, आणि ओट्यावर स्टीलचा डबा, त्यात पांढऱ्या गोळ्यांचा ढीग. मोजल्या. चौसष्ट. सव्वीस तारखेच्या नव्या बाटल्यांतल्या सत्तर, तीन दिवसांच्या सहा गेल्या, म्हणजे एकही चुकलेली नाही, पण कुठली कोणाची हे आता देवालाही सांगता येणार नाही. २९ ऑक्टोबरच्या बाटल्यांपासून हेच चालू होते. रोज त्या डब्यातून एक तुला, एक मला, आणि रविवारी मी मोजणार म्हणून पहाटे बसून निम्म्या-निम्म्या बाटल्यांत परत. माझा अभिमान तो हाच.

मी आईवर जन्मात पहिल्यांदा ओरडलो. ती म्हणाली, "मला फरक पडायला लागला. मला कळलं, खरी माझ्याकडे आलीये. मग सुमतीकडे कोरी. मी एकटी खाली जाऊन काय करू रे, बाकाशी बोलू?" मग मी काकूंवर ओरडायला गेलो. त्यांनी दार लोटून मला हळूच सांगितले, "हौसाला बोलू नकोस. मला तर चौथ्या दिवसापासूनच बरं वाटत होतं. खरी माझीच. तुझी आई बिचारी कोरी खाऊन हसत होती, ते मला बघवेना." दोघींनाही वाटत होते, आपण देतो आहोत आणि दुसरी घेते आहे. मी जिन्यात जाऊन बसलो. (रडलो नाही. मिनिटभर बसलो.)

सोमवारी मी रुग्णालयात फोन करून सगळे सांगितले. न सांगताही चालले असते, आकडा बरोबरच होता. पण मला रात्रभर ते शेकडो लोक दिसत होते, ज्यांना बारा वर्षांच्या परीक्षांनंतर ही गोळी मिळेल किंवा मिळणार नाही, आणि ते आमच्या स्टीलच्या डब्यामुळे. बुधवारी दोघींना बोलावले. मोठे डॉक्टर आले, खुर्ची ओढून दोघींच्या समोर बसले. म्हणाले, "मावशी, तुम्ही दोघींनी मिळून मला एकही पूर्ण पेशंट ठेवला नाही." काकू म्हणाल्या, "साहेब, हिचा गुडघा दुखतो तेव्हा माझा पण दुखतो, ते कुठं लिहायचं?" डॉक्टर म्हणाले की गोळ्या आजपासून बंद, पण तपासणीला यायचेच, आणि पुढे काय करायचे ते कंपनी आणि समिती शुक्रवारी, एकोणीस तारखेला ठरवील.

तिथे एक गोष्ट मला आवडली, ती तुम्हाला सांगतो. चूक झाली तरी वहीत काही खोडायचे नाही, पांढरी शाई लावायची नाही. चुकीवर एक सरळ रेघ मारायची, अशी की खालचे वाचता येईल, बाजूला खरे लिहायचे, तारीख घालून सही करायची. आईच्या वहीत दर्शना मॅडमनी तशाच रेघा मारल्या. मीही आता घरी खोडरबर वापरत नाही.

त्याच बुधवारी रक्त घेतले होते. पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी, म्हणजे ११ तारखेला, डॉक्टरांनी अहवाल दाखवला. दोघींच्याही यकृताचा तो आकडा वाढलेला, जवळजवळ सारखाच. डॉक्टरांनी विचारले, "दुसरं काही औषध घेता का? गावठी, आयुर्वेदिक, काहीही?" दोघी एका सुरात म्हणाल्या, "नाही." डॉक्टरांनी कागदावर लिहिले, 'संशय : चाचणीतील औषध.' मला त्या गोळीसाठी वाईट वाटले. इतक्या परीक्षा देऊन शेवटी आमच्या घरात नापास होणार. आईसाठी वाटले ते लिहीत नाही.

असो. बाकी सर्व ठीक. मामींना नमस्कार, बंटीला आशीर्वाद (अभ्यास करीत असल्यास).

तुमचा भाचा,
हर्षित

ता. क. १ : खरे काम आता लिहितो. काल तांदूळ काढताना डब्यामागे लोणच्याची जुनी बरणी सापडली. तिच्यात तुमचे चूर्ण होते. झाकणाला लावलेल्या चिठ्ठीवर तुमचे अक्षर आहे, 'हौसास, सकाळ-संध्याकाळ एक चमचा, ऑगस्टपासून'. मामा, तुमच्या चूर्णाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. त्यात काय आहे ते तुमच्या गुरूंनी कोणाला न सांगण्याची शपथ घातली आहे, हेही मला माहीत आहे. पण ते डॉक्टरांना कळायलाच हवे. झाडपाला, मुळी, भस्म असल्यास कोणते भस्म, सगळे. आकडा गोळीमुळे वाढला की चूर्णामुळे, हे त्याशिवाय कळणार नाही, आणि ते कळेपर्यंत आईवर नेमका काय उपाय करायचा तेही नाही. सोबत तिकीट लावलेले पाकीट ठेवले आहे. उद्या सकाळी मी बरणी घेऊन रुग्णालयात जाणारच आहे. तुम्ही शपथ मोडावी असे मी कसे म्हणू? पण गुरू आज असते तर आईच्या रक्ताचा अहवाल मी त्यांच्यापुढे ठेवला असता.

ता. क. २ : त्या वर आल्या. आईने मला बरणीसमोर पाहिले. मी विचारले, डॉक्टरांशी खोटे का बोललीस? तिला खरोखर कळेना. म्हणाली, "खोटं कुठं? त्यांनी औषध विचारलं. हे औषध कुठंय? हे तर माहेरचं आहे." मी विचारले, मग काकूंचा आकडा का वाढला? आई पदराने बरणी पुसत म्हणाली, "तिचं माहेर केव्हाच मिटलं. म्हणून माझ्यातलं निम्मं तिला." यावर कुठे रेघ मारायची ते मला कळले नाही.

ता. क. ३ : आईचा निरोप जसाच्या तसा : "दादाला लिही, काय घातलंय ते पोराला सांग, गुरूचं पाप मला लागू दे. आणि चूर्ण नको तर नको, पण पार्सल बंद करू नकोस." शेंगदाणे पाठवावेत असे मी सुचवतो. शेंगदाण्यांना मॅडम औषध म्हणणार नाहीत. दोन पिशव्या कराव्यात, नाहीतर इथे मोजत बसतील.

ताळा (आजअखेर) :
गोळ्या, ३ डिसेंबरला परत जमा : छप्पन्न (चौसष्टांतून पुढच्या चार दिवसांच्या आठ वजा, कारण मी ओरडल्यावरही बुधवार सकाळपर्यंत दोघींनी आपापली गोळी चुकवली नाही).
चूर्ण, बरणीत शिल्लक : अंदाजे पाच चमचे. उद्या जमा.
रुग्णालयाकडून मिळालेले प्रवासखर्चाचे पैसे : दोघींनी निम्मे-निम्मे केले, खर्च माझा झाला होता.
स्पीड पोस्ट, उत्तराच्या पाकिटासह : माझ्याकडून. देणे काही नाही.
मामांकडून येणे : एक यादी, शुक्रवारच्या आत.
जिने : चार मजल्यांचे. आज दोघी उतरल्या, दोघी चढल्या. कशामुळे, ते अजून कोणालाच माहीत नाही.