हैदराबादचा द्राक्षमळा, जाऊन-येऊन दोन दिवस

सोम. २३ ऑगस्ट १९७१, भिंगार

आम्ही दोघं डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. यांचा उजवा डोळा गेल्यातच जमा. डावा नाताळपर्यंत. "पुढचं मी सांगू शकत नाही," म्हणाले. मीच खोदून विचारलं, नसतं विचारलं तर बरं झालं असतं. टांगा घराशी आल्यावर हे म्हणाले, "चहा टाक. साखर जरा जास्त टाक."

शाळेत आज भूगोलाचा तास होता. काय शिकवलं आठवत नाही.

गुरु. २६ ऑगस्ट

विचारलं, डोळे आहेत तोवर काय पाहायचंय? मला वाटलं गावचं घर म्हणतील. म्हणाले, "इमानात बसायचं. आन् द्राक्षाचा मळा बघायचा."

तीस वर्षं लष्कराच्या डेपोत घोंगड्या मोजल्या, पोती तोलली, डोक्यावरून विमानं जायची. आणि मळा का? तर चर्चमध्ये दर महिन्याला प्रभुभोजनाच्या त्या अंगठ्याएवढ्या पेल्यात मी उकळलेल्या मनुकांचं पाणी पितात. "जन्मभर तुझा काढा प्यालो. येकदा खरा द्राक्षारस पिऊन मरतो." मला हसू आलं आणि मग रडूही. मोरीत जाऊन तोंड धुतलं.

मनोहर (माझा धाकटा भाऊ) सिकंदराबादला रेल्वेत कारकून. त्याच्या ओळखीचा एक मळेवाला घरीच द्राक्षारस काढतो. तिकडे प्यायला परवान्याची कटकट नाही. आजच पत्र टाकलं.

रवि. ५ सप्टें.

प्रभुभोजन झालं. नेहमीप्रमाणे किलोभर मनुका, रात्रभर भिजत, पहाटे उकळून, दोनदा गाळून. बावीस वर्षं हे काम माझ्याकडे. मनुका बाजारातून आणायचं यांच्याकडे.

उपासनेनंतर शेजारच्या सगुणाबाई म्हणाल्या, "अगं बाई, द्राक्षं बघायला विमान कशाला? नाशिकला एस.टी. जाते की!"

हे पटकन म्हणाले, "एस.टी.त बसायला डोळं लागत न्हाईत, सगुणाबाई." बाई घराकडे वळल्या. बरं झालं. फार बोलतात.

शनि. १८ सप्टें.

सगळं ठरवलं. शुक्र. १५ ऑक्टो.ला पहाटे एस.टी.नं पुणे, तिथून रेल्वेनं मुंबई. दादरला नणंदेकडे मुक्काम. शनि. सकाळी विमान. रवि. संध्याकाळचं विमान परत. मनोहरकडे मोटार नाही, आपल्याकडे तर सायकलसुद्धा नाही. तो लिहितो, बसनं शहर, पुढे मळ्यापर्यंत सायकलरिक्षा. चालेल.

तारीख मी काढली, आणि त्याचा केवढा तोरा मला! संडेस्कूल शिकवते ना. पवित्र शास्त्रात यहुदी लोक मांडवांच्या सणाआधी द्राक्षं तोडून कुंडात तुडवतात. तो सण म्हणजे आपला सप्टेंबर-ऑक्टोबर. म्हणजे ऑक्टो.च्या मध्यावर मळा लगडलेला, कुंडात ताजा रस. यांना ऐकवलं. "मास्तरीण हायेस खरी," म्हणाले. दोन तिकिटं सांगून टाकली.

आज पहिल्यांदा नीट झोप लागेल.

मंगळ. ५ ऑक्टो.

मनोहरचं पत्र. मधल्या चार ओळी उतरवून ठेवते.

"ताई, मळेवाल्याकडे जाऊन आलो. तो हसला. म्हणाला, आत्ता छाटणी. वेलावर फळ सोड, पानही नाही, नुसत्या काटक्या. द्राक्षं फेब्रुवारी-मार्चात. रसही संपलाय, नवा उन्हाळ्यात. तारीख बदलता येते का बघ."

काय मूर्ख बाई मी! भिंगारच्या कुठल्याही माळ्याला विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं. नाही. मी शास्त्र उघडलं. हजारो कोसांवरच्या देशातला हंगाम, आणि मी तो हैदराबादला लावला! बावीस वर्षं द्राक्षवेलावर धडे दिले, वेल कधी छाटतात ते माहीत नाही.

फेब्रुवारी. डॉक्टर म्हणाले नाताळ.

संध्याकाळी हे म्हणाले, "मन्याचं पत्र आलंय ना? वाच." पत्रं मीच वाचून दाखवते हल्ली. वाचलं. तो घ्यायला येतो, भावजय मुर्गी करणार आहे, सगळं वाचलं. मधलं गाळलं. आवाज बदलला नाही माझा. इतकी सराईत कधी झाले?

बुध. ६ ऑक्टो.

आज सांगणार होते. भाकरी वाढताना तोंड उघडलं. तेवढ्यात म्हणाले, "घड हाती धरला तर त्याचं वजन सांगतो बघ मी, चूक न्हाई व्हायची." नाही सांगितलं.

देवाचा राग येतो. लिहिलं. खोडणार नाही.

रवि. १० ऑक्टो.

व्हायचं होतं ते झालं. उपासना संपताना हे आपण होऊन उठले, बाकाला धरून, आणि सगळ्यांसमोर बोलले, "येत्या चोवीस तारखेला सुगीचा सण. त्या दिशी प्रभूच्या टेबलावर मनुकांचा न्हाई, खऱ्या द्राक्षांचा रस राहील. मी स्वता घिऊन येतो." पाळकसाहेबांनी उपकारस्तुतीची प्रार्थना केली. सगळ्या मंडळीनं मोठ्यानं 'आमेन' म्हटलं. मीही म्हटलं!

बाहेर सगुणाबाईंनी माझा हात धरला. त्यांचे डोळे भरलेले. "भाऊजींनी मंडळीची लाज राखली बाई." मला जमीन दुभंगावी असं वाटलं.

आता मी कुणाला तोंड दाखवू? आणि लाजेचं जाऊ दे. ते मळ्यात उभे राहतील आणि विचारतील, "कुठं हाय घड?" मी काय त्यांच्या हातात काटकी देऊ? की म्हणू, आहेत हो, हिरवे हिरवे, उन्हात चमकतायत? डावा डोळा आता माणूस ओळखतो तो चालीवरून. काटक्या आणि पानं यातला फरक त्यांना दिसेल की नाही, हेही मला ठाऊक नाही. असला विचार मनात येतो हेच नीचपणाचं.

मंगळ. १२ ऑक्टो.

सहामाहीचे पेपर पडलेत. एकही तपासला नाही.

शाळेतून येताना बाजारात गेले. किलोभर मनुका. चोवीस तारखेला टेबल रिकामं राहायला नको. पिठाच्या डब्यामागच्या लहान डब्यात ठेवल्या, वर फडकं.

हे दुपारी टोपली घेऊन बसले होते. तळाशी भुसा, वर जुन्या धोतराचा मऊ तुकडा. "इमानात गचके बसतील, घड फुटायचे न्हाईत." मी "हो" म्हणाले.

गुरु. १४ ऑक्टो.

उद्या पहाटे साडेपाचची एस.टी.

पिशव्या भरल्या. टोपली यांनी स्वतः दाराशी ठेवली. दिवसभर ठरवत होते, आत्ता सांगते, जेवणानंतर सांगते.

दिवेलागणीला मी तुळईवरचा कंदील काढत होते. हे स्वयंपाकघरात आले, भिंतीला हात लावत. वाटेसाठी गूळ-शेंगदाणे हवे होते. डबे चाचपले. पिठाचा डबा सरकवला. मागचा उचलला. मी तिथेच उभी.

फडकं बाजूला करून हात आत घातला. दोन मनुका बोटांत चोळल्या. मग डबा तळव्यावर तोलला, तीस वर्षं डेपोत तोलत तसा.

"किलोभर," म्हणाले.

किलोभर मनुका कशाला लागतात ते या घरात फक्त दोन माणसांना माहीत आहे.

त्यांनी फडकं नीट घातलं, झाकण लावलं, डबा होता तिथे मागे सरकवला. जाता जाता विचारलं, "खिडकी कुणाला?"

"तुम्हाला."

"मग पहाटं चारला उठव."

आता झोपलेत. मी दाराशी जाऊन पाहिलं. टोपली तिथेच आहे. काढून ठेवलेली नाही.