पिठाच्या डब्यामागची मोजदाद

१४ नोव्हेंबर, मंगळवार

उणे एकतीस. हे आणि ऑड्री चार दिवसांनी सापळ्यांच्या वाटेवरून परतले. बाप-लेकीच्या भुवया पांढऱ्या झालेल्या. मुंगसाएवढी, मऊ फरीची मार्टेन अकरा — आठ नर, तीन माद्या. बीव्हर दोन.

"कसं काय झालं?" विचारलं, तर नेहमीचंच — "मिळालं थोडंफार." अकरा म्हणजे थोडंफार! पण आकडा तोंडातून काढायचा नाही. जनावरांची मोजदाद बोलून दाखवली की ती रुसतात, पुढच्या वेळी येत नाहीत. यांच्या वडिलांची शिकवण, आणि त्यांच्या वडिलांची.

मीही आकडा विचारत नाही. हे सोलून देतात, कातडं फळीवर ताणून बसवायचं काम माझं. तेव्हा मोजते. मोठं कातडं नराचं, लहान मादीचं. इथे लिहिते, शेवटच्या पानावर रेघ ओढते, आणि वही पिठाच्या डब्यामागे. सत्तावीस हिवाळ्यांच्या सत्तावीस वह्या तिथेच आहेत. पिठाकडे या घरात दुसरं कोणी फिरकत नाही. मागची पानं मी चाळत नाही — झालं ते झालं.

लिहिणं म्हणजे बोलणं नव्हे, असं मी ठरवलं आहे. प्रभूला विचारलेलं नाही. नको म्हणाला तर!

बीव्हर शिजत घातलाय. हाडं बाजूला काढली — कुत्र्यांच्या तोंडी लागता कामा नयेत. उद्या नदीच्या बर्फाला भोक पाडून पाण्यात परत.

१६ नोव्हेंबर, गुरुवार

शिवणघरात पत्र आलं. आमचे हातमोजे आणि टोप्या घेणारं दक्षिणेतलं दुकान म्हणतं, यापुढे 'जबाबदार रानफर' असा शिक्का असलेलीच फर चालेल. शिक्का देणारं एक मंडळ आहे. त्यांची बाई तपासणीला येणार. शिक्का मिळाला नाही तरी काळजी नको — दुकान आपल्याकडची शिक्केवाली फर पाठवेल, ती आम्ही शिवायची. कुठली? समुद्रापलीकडची, पिंजऱ्यात वाढवलेली!

माझी नणंद वर्ना हसून हसून टेबलावर पडली. "म्हणजे वहिनी, दादाची फर कुत्र्यांना अंथरायची आणि पिंजऱ्यातल्याच्या टोप्या शिवायच्या!"

मला हसू आलं नाही. आमची फर शिवणघराने घेतली नाही तर ती वाट चालवायची कशाला? ऑड्रीने खाणीवरची नोकरी सोडून बापामागे वाट धरली, त्याला दोन हिवाळे झाले. यांना सांगितलं. म्हणाले, "रस्त्याच्या कामाच्या कॅम्पवर पहारेकरी हवाय म्हणे." एवढंच. आणि झोपले. घोरताहेत — नुसती बर्फावरची स्किडू गाडी चालू आहे.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

तपासणीच्या बाई आल्या नाहीत. विमान अर्ध्यातून फिरलं. धुकं.

२२ नोव्हेंबर, बुधवार

पुन्हा फिरलं. पर्यावरणासाठी दोन फेऱ्या झाल्या.

२३ नोव्हेंबर, गुरुवार

उतरल्या! मिस ट्रेंट. वय तिशीचं, चेहरा गोड. अंगातलं जॅकेट टाकाऊ प्लास्टिकच्या बाटल्यांपासून बनवलेलं — तेवीस बाटल्या, त्यांनीच सांगितलं. विमानापासून ट्रकपर्यंत चालेपर्यंत चेन गोठली. तेवीस बाटल्यांत बाई बंद! ऑड्रीने आपले बीव्हरचे हातमोजे काढून दिले. बाईंनी घातले, डोळे मिटले, म्हणाल्या, "अगं आई गं." मग आठवण होऊन विचारलं, "यांना शिक्का आहे?"

आमच्याकडेच उतरल्यात. कॅरिबूचं सूप दोनदा घेतलं. सोबत चौसष्ट पानांची प्रश्नावली, प्रत्येक पान एकाच बाजूला छापलेलं. पाठची कोरी बाजू हिशोबाला चांगली. मागून बघायला हवी.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार

शिवणघरात तपासणी. आम्ही सात जणी धुतलेले अॅप्रन घालून.

धागा कोणता? "जनावराच्या स्नायूचाच ना, पारंपरिक?" वर्ना म्हणाली, "नाही बाई, दातांच्या फटीत घालायचा दोरा. पुदिन्याचा. तुटत नाही आणि शिवताना वासही छान येतो." बाईंनी लिहून घेतलं — 'पुदिना. स्थानिक आहे का, पाहणे.'

मूस हरणाचं कातडं कुजक्या लाकडाच्या धुरावर धरतो, त्या धुराबद्दल पाच गुण वजा. विमानाच्या तीन फेऱ्यांचे किती वजा, हे विचारायचं जिभेवर आलं होतं. पाहुणी आहे. गिळलं.

मग टाकाऊ भागांचं काय करता? टाकाऊ काय असतं त्यात! मांस खातो. मेंदूने कातडं मऊ करतो. मी आपलं खरं सांगितलं — बीव्हरची हाडं नदीत सोडतो.

"म्हणजे पाण्यात कचरा?"

"परत करतो."

"कोणाला?"

"ज्याची होती त्याला."

बाईंनी बराच वेळ पानावर शोधलं. तसा रकाना नव्हता. 'जलप्रदूषण' नावाचा होता. दहा गुण वजा.

२५ नोव्हेंबर, शनिवार

आज यांची मुलाखत. आमच्याच स्वयंपाकघरात. मी बॅनक पाव भाजत पाठ करून उभी, कान मागे.

"मिस्टर एनॉक, या हंगामाचं उद्दिष्ट किती?"

"कोण जाणे."

"मागच्या हंगामात किती मिळाली?"

"उपाशी राहिलो नाही."

"जनावरं कमी होऊ नयेत म्हणून आपण नेमकं काय करता?"

हे चहाच्या कपात बघत बसले. इतका वेळ, की माझा बॅनक करपला. मग म्हणाले, "फार काही नाही. जातो, बघतो, येतो."

"स्वतःच्या कौशल्याला पाचपैकी किती गुण द्याल?"

"एक."

एक! बेचाळीस वर्षं वाट चालवणारा माणूस! माद्या नरांइतक्या यायला लागल्या की त्या बाजूचे सापळे उचलून घेणारा. तिसऱ्या नाल्यापलीकडचं रान दर तीन हिवाळ्यांनी मोकळं सोडणारा. मला सगळं माहीत आहे, वहीत आहे. पण बढाई मारली तर रान ऐकतं ना! बाईंनी लिहिलं — 'नियोजन: नाही. नोंदी: नाहीत. कौशल्य: अत्यल्प (स्वतःची कबुली).'

वर्ना चहाला आली होती. निघताना दारात म्हणाली, "दादा, अर्धा गुण तरी जास्त घ्यायचास! बॅनकला तरी दिला असतास!" हे हसले. मला रडू येत होतं.

२६ नोव्हेंबर, रविवार

प्रार्थनेत लक्ष नव्हतं. बायबलातला तो राजा — प्रजेची मोजदाद केली म्हणून देशात रोगराई आली. माणसांची मोजदाद देवाला चालली नाही, मग मार्टेनची?

बाई दुपारच्या विमानाने गेल्या. हातमोजे घालूनच गेल्या. ऑड्री म्हणते, राहू दे.

२८ नोव्हेंबर, मंगळवार

निकालाचं तात्पुरतं पत्र. शंभरात एकेचाळीस. साठ लागतात. मात्र 'किमान दहा वर्षांच्या लेखी नोंदी' शुक्रवारपर्यंत पाठवल्या तर वीस गुण वाढतील.

शिवणघरात पत्र वाचून दाखवलं. मग वर्ना माझ्याकडे वळली. "वहिनी, तू दहावी पास आहेस. हॉस्टेलच्या सिस्टरांनी छड्या मारून हिशोब शिकवला, तो कधी उपयोगी पडणार? लिही दहा वर्षांच्या खोट्या नोंदी! त्यांना कुठे कळतंय मार्टेन आणि मांजर!"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "खोटं लिहू मी? रविवारी वेदीसमोर गुडघे टेकते मी!"

"मग देवालाच सांग पिंजऱ्यातली फर शिवायला," वर्ना म्हणाली.

२९ नोव्हेंबर, बुधवार

ऑड्रीने रात्रीच्या जेवणाला नीट तोंडात घास घातला नाही. खाणीवरून फोन आला होता, जागा रिकामी आहे म्हणून. हे सापळ्यांना मेण लावत बसले होते — दरवर्षी लावतात तसंच, एकेक, पुसून. कॅम्पवर पहारा द्यायला मेण लावलेले सापळे लागत नाहीत.

३० नोव्हेंबर, गुरुवार

केलं.

काल रात्री हे झोपल्यावर सगळ्या वह्या खाली काढल्या. पानं उघडली नाहीत — आत काय काय लिहिलंय, यांच्या घोरण्यापासून वर्नाच्या केकपर्यंत! फक्त प्रत्येक वहीच्या शेवटच्या पानावरच्या रेघा मोजून उतरवल्या. नर किती, माद्या किती, कोणती बाजू मोकळी. कागद बाईंच्याच प्रश्नावलीचे, मागून घेतलेले, पाठकोरे. देवा, मी बोलले नाही, फक्त लिहिलं. पुन्हा फक्त लिहिलं.

सकाळी शिवणघरातून पाठवून दिलं. वर्नाने कागद चाळले, डोळे मोठे केले. "वहिनी! सत्तावीस वर्षं? एका रात्रीत?"

आता काय सांगणार? खरी वही आहे म्हणून सांगितलं तर संध्याकाळपर्यंत यांच्या कानावर जाईल. म्हटलं, "खोटंच लिहिलंय."

"किती बेमालूम! तू चर्चमध्ये वाया गेलीस गं!"

खऱ्याला खोटं म्हणायचं पाप किती मोठं असतं? पाद्रींना विचारायची सोय नाही.

५ डिसेंबर, मंगळवार

हे एकटेच वाटेवर जाऊन आले. ऑड्रीला ताप. सातव्या मैलाच्या पुढे पूर्ण फिरून आले म्हणे.

स्लेजमध्ये जनावर नाही. एकही नाही. फळ्या कोरड्या.

मी विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही. हात धुतले, सूप प्यायले. सत्तावीस वर्षांत शून्य कधी लिहिलं नव्हतं. आज लिहिलं. रुसली. माझ्यामुळे. मी सगळ्यांची नावनिशी परक्यांच्या हाती दिली, आणि ती निघून गेली. आता शिक्का मिळाला तरी मारायचा कशावर?

७ डिसेंबर, गुरुवार

शिक्का मिळाला! एकसष्ट गुण. मंडळ लिहितं — 'माद्यांचं प्रमाण वाढताच सापळे काढण्याची अभिनव पद्धत पाहून आम्ही थक्क झालो.' अभिनव! वसंतात यांनी दक्षिणेत येऊन पद्धतीवर भाषण द्यावं, विमानाचं तिकीट ते देतील. पत्राबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत पाचशे प्लास्टिकची लेबलं, प्रत्येकावर हिरवं पान.

वर्नाने शिवणघरात मला मिठी मारली. "आमची खोटारडी!" सगळ्या जणी टाळ्या वाजवत होत्या. मी पण वाजवल्या. वहीतलं शून्य कोणाला माहीत!

घरी यांना भाषणाचं सांगितलं. "मला फारसं येत नाही," म्हणाले. ऑड्रीने खाणीच्या फोनला नाही म्हणून कळवलं. तापातच सापळे मोजायला बसली — मनातल्या मनात, ओठ मिटून, बापासारखी.

मी चर्चमध्ये जाऊन गुडघे टेकले. काय मागायचं ते सुचलं नाही.

८ डिसेंबर, शुक्रवार

पीठ काढताना वही पडली, मागच्या पानांवर उघडली. पाच तारखेच्या खाली पेन्सिल. यांचं अक्षर, मोठं, तिरकं —

'रुसलं कोणी नाही. सातव्या मैलापुढचे सापळे मीच आधी उचलले होते. १४ ला माद्या पाच होत्या, तू तीन लिहिल्यास. थोराड मादीचं कातडं मोठं असतं.'

सोळा तारखेखाली: 'मी घोरत नाही.'

एकोणीसशे एक्क्याण्णवची, पहिली वही ओढून काढली. तिच्यातही पेन्सिल आहे.

वह्या होत्या तशा लावल्या. शेजारी एक पेन्सिल ठेवली, टोक काढून. मी बोलले काही नाही.