जाऊबाई, तुमचा ब्रँड केलाय

प्रिय जाऊबाई,

तुमचा पडका दात भरलाय त्यांनी! फ्लेक्सवर. नांद्याच्या फाट्यावर केवढा थोरला लावलाय, बशीतनं उतरले अन् बघतच राहिले. गाल गुळगुळीत, बत्तीशी अशी पांढरी की मीच वळखलं न्हाई. जिवंत व्हता तवा दात बसवा, दात बसवा म्हणून माझा घसा बसला. ऐकलंत का? आता घ्या!

खाली लिवलंय, 'आईची माया, विकासाची छाया'. तुमचा संतोष निवडणुकीला उभा हाय ना, म्हणून. बावधनच्या एक मॅडम येत्यात, त्याला हसायचं कसं, हात जोडायचे कसे, शिकवायला. ओट्यावर लॅपटॉप मांडून मला म्हणत्यात, "काकू, तुमच्या जाऊबाई हा आपला ब्रँड आहे."

मी म्हणलं, "ब्रँड चहापत्तीचा असतो. ती बाई व्हती."

"तेच तर, काकू! लोकांना बाई नको, फील पाहिजे."

कसली माया हो? तुमी माया केली ती वरडून. मेंबर व्हता, पर शिवी गड्यासारखी! वरच्या वाडीच्या पाण्यासाठी पंचायतीच्या दारात बसून असा आवाज लावला की ग्रामसेवकाच्या हातातला चहा सांडला. वाडीतली ठकूबाई मागं तोंडाला पदर लावून हसत व्हती. आला का न्हाई पाईप?

अन् तुमच्या दहाव्याला कावळा शिवंना. ऊन चढलं. भावकी म्हणली, बहिणीला बघीन म्हण, जमीन इकणार न्हाई म्हण. संतोष सगळं म्हणला. कावळा आपला झाडावरच. मग मी त्याच्या कानात सांगितलं, तवा हात जोडून म्हणला, "आई, वाडीचं पाणी बंद पडू देणार न्हाई." झपकन कावळा खाली! तुमीच पाठवला ना?

त्यो पाईप शिमग्यापासून फुटलाय. फार्महाऊसचा रस्ता करताना मशीननं तोडला. ठकूबाई हंडा घेऊन दारात आली. संतोष म्हणला, "मावशी, मुद्दा नोट केलाय." मॅडम मात्र मोबाईल घेऊन पळत आल्या. "मावशी, हंडा जरा तिरका धरा, रिकामा दिसू दे."

"दिसू दे काय? रिकामाच हाय की गं बाई!"

"वा! एकदम नॅचरल!"

'संतोष सगळ्यांचं ऐकतो' असं वर लिवून व्हिडिओ गावभर फिरवला. ठकूबाई रिकामा हंडा घेऊन वाडीला माघारी गेली.

मी तापले. तुमच्यावानी वरडायला गेले, तर त्याचाबी व्हिडिओ केला! लोक खाली हसरी तोंडं टाकून म्हणत्यात, काकू लई भारी. आता माणसानं वरडायचं तरी कसं?

संतोष वाईट न्हाई हो. मान खाली घालून म्हणला, "काकी, निवडून येऊ दे, मग बघू पाईपाचं. आत्ता बोललं तर फार्महाऊसवाले तुटत्यात." तुमी असता तर कानाखाली दिली असती. माझा हात उठला न्हाई. चुलतीचा हात, किती उठणार?

सोमवारी तुमचं वर्षश्राद्ध. पत्रिकेत श्राद्ध बारीक अक्षरात, अन् 'प्रचाराचा शुभारंभ' ठळक. कावळ्याचं मॅडमला कळलंय. डोळ्याला पाणी आलं तिच्या, खोटं कशाला सांगू. "काकू, हे सोनं आहे! हीच आपली स्टोरी. माईकवर तुम्हीच सांगायची. फक्त पाईप फुटल्याचं नको, निगेटिव्ह जातं."

खोटं बोला म्हणली असती तर तोंडावर न्हाई म्हणले असते. हे तर खरं हाय! सांगितलं तर पोरानं तुमाला दिलेला शब्द मीच बाजारात मांडला. गप बसले तर भावकी म्हणंल, चुलतीनं पोराला पाडलं. अन् पाईपाचं काढलं, तर माईक बंद करायला त्यांचाच माणूस बसलाय.

एवढं कबूल करते, ठकूबाईचा हंडा आपल्या बोअरवर भरल्याबिगर मी सकाळचा चहा घ्यायची न्हाई. पर वाडीत घरं लई, अन् हंडा एकीचा. पुढचं माझ्या हातात काय हाय?

जिवंतपणी न इचारता बोलायच्या तुमी. आता मी इचारतेय तर गप? ते चालायचं न्हाई. सपनात या, न्हाईतर कुणाच्या अंगात या, पर रविवारी दिवेलागणीच्या आत मला सांगा: सोमवारी त्यो माईक हातात घेऊ का नको?

तुमची धाकटी जाऊ,
सुमन