पुलाचे वेगळे पैसे

ती. अक्कास,

साष्टांग नमस्कार. (तुझा गुडघा वाकत नाही हे कळलं. माझा अजून वाकतो, म्हणून साष्टांग.) डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस ना? आम्ही दोघं तब्येतीने ठीक आहोत. बाकी ठीक नाही.

लेक सासरी जाताना तिचं व्हिडिओ गेमचं यंत्र इथेच ठेवून गेली. तेव्हापासून रोज संध्याकाळी मी आणि तुझी भावजय एकाच कोचावर बसून एका नदीकाठी शेती करतो. तीस वर्षांच्या संसारात आम्ही इतकं बोललो नव्हतो. (विषय बहुतेक खताचा असे, पण बोललो.) तर गेल्या महिन्यात कंपनीने जाहीर केलं की पलीकडचा काठ आता खुला, मात्र पुलाचे पैसे वेगळे, मूळ खेळाच्या किमतीच्या निम्मे. अक्का, त्या पुलाचे खांब आम्ही पहिल्या दिवसापासून नदीत उभे पाहत होतो! अख्ख्या घराचे पैसे घ्यायचे आणि जिन्याची किल्ली वेगळी विकायची, याला मी व्यापार म्हणत नाही.

तू मला ओळखतेस. आमच्या पाणीपुरवठा कचेरीच्या कॅन्टीनमध्ये मी खुर्चीवर उभा राहून चाळीस मिनिटं बोललो. सुरुवात जकातीच्या इतिहासापासून केली. 'मी हा पूल विकत घेणार नाही' या प्रतिज्ञेवर एकोणीस सह्या झाल्या. (खेळतात त्यातले तिघे. बाकीच्यांना जेवायचं होतं आणि माझी खुर्ची वाढपाच्या खिडकीसमोर होती.)

घरी आलो तर तुझी भावजय पलीकडच्या काठावर बटाटे लावत होती.

मी तिला खांबांचा मुद्दा समजावला. तिने मान वर न करता ऐकलं आणि म्हणाली, "खांब पहिल्या दिवसाचे, कबूल. पण हा सगळा काठ त्या माणसांनी मागाहून वर्षभर बसून केलाय. जादा कामाचे जादा पैसे हवेत म्हणून सतरा दिवस संप कुणी केला होता? शेजारच्यांनी?" कामगार संघटनेचा सरचिटणीस म्हणून माझ्याकडे याचं उत्तर असायला हवं. शोधतो आहे.

त्याला आज पंधरा दिवस झाले. कोच तोच आहे, पण ती पलीकडे आणि मी अलीकडे. वरच्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टरही आपल्या घरून खेळत तिकडे येतात. त्यांनी पुढे जे जे निघेल ते सगळं सुरुवातीलाच एकदम विकत घेतलेलं. ते तिला विहीर खणून देतात. मी या काठावरून एकदा हात हलवला. दोघांनीही हलवला, डॉक्टरांनी जरा जास्तच. तत्त्व माझ्या बाजूला आहे, अक्का, पण तत्त्वाशी खतावर बोलता येत नाही.

भाऊजींना नमस्कार.

तुझा धाकटा

ता. क. प्रतिज्ञेत 'विकत घेणार नाही' एवढंच आहे. मसुदा माझाच. भेट स्वीकारण्याबद्दल त्यात चकार शब्द नाही. माझा वाढदिवस अवघ्या सात महिन्यांवर आला आहे. काय ते तू समजून घे.

ता. क. २ पाकिटावर पत्ता घालायला तुझ्या भावजयीकडे दिलं, तर तिने आधी पत्र वाचलं. म्हणाली, "पूल जोडीचाच घेतलाय. पंधरा दिवस तुमच्या नावावर पडून आहे. तिकडे फिरकलात तर कळणार ना! आणि मला विचारलंत कुठे?" तेव्हा भेट पाठवू नकोस. फक्त उलट टपाली चार ओळी लिही, की पूल तूच दिलास. अक्षर मोठं काढ, कॅन्टीनच्या भिंतीवर लावायचं आहे. आणि तारीख कालची घाल. मी आज संध्याकाळीच पलीकडे जातो आहे.