सतराव्या चित्रातले पान

मी, मालिनी केशव खासनीस, वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त चित्रकला शिक्षिका, राहणार भोर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, बुद्धी शाबूत आहे. कोणी सांगितले म्हणून किंवा कोणाच्या धाकाने लिहीत नाही. याआधी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर, दोन खोल्या व गच्ची, माझी भाची चैत्राली हिला द्यावे. माझ्या पतींच्या आजारपणात ती नोकरी सांभाळून दर शनिवारी एसटीने येत होती. तिने घर विकले तरी माझी हरकत नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तिनेच करावी.

२. ब्रश, भिंग व रंग मी शिकवले त्या शाळेला. कपाटात कुलूपबंद ठेवू नयेत, मुलींना वापरू द्यावेत.

३. द्राक्षांच्या जातींची अकरा जुनी सचित्र पुस्तके गावातल्या वाचनालयाला. सगळी परदेशी, पुण्यात जुन्या बाजारात एकेक करून घेतलेली. सर्वांत जुन्यात नुसता घड आहे, ताटात मांडल्यासारखा. पुढे द्राक्षाची जात पानावरून ओळखता येते हे ध्यानात आले आणि चित्रकार पान दोन्ही बाजूंनी काढू लागले, खालची लवसुद्धा. एका चित्रात डावीकडचा मणी फुटका आहे. नंतरच्या दोन पुस्तकांत तोच मणी तसाच फुटका. म्हणजे त्या दोघा चित्रकारांनी वेल पाहिलीच नव्हती. हे लक्षात आले तेव्हा मला हसू आले नाही.

४. कारण मीही तेच केले आहे. १९८७ साली आपल्याकडच्या द्राक्षांचा सचित्र कोश निघाला. मजकूर द्राक्षांचे अभ्यासक आनंदराव यांचा, बेचाळीस चित्रे माझी. फकडी जातीचा घड त्यांनी बाजारातून आणला, त्याला पान नव्हते. छपाईची घाई होती. मी शेजारच्या भोकरी जातीच्या द्राक्षवेलीचे पान पाहून सतरावे चित्र पुरे केले.

दोन वर्षांनी वरवे बुद्रुकचे गेनबा वालगुडे ओल्या फडक्यात एक पान घेऊन आले. विहिरीवरच्या मांडवावर त्यांच्या आईने लावलेली फकडी होती. जुन्या जातींच्या काड्या लागवडीसाठी गोळा करणाऱ्यांनी कोश उघडून पाहिला आणि पान जुळत नाही म्हणून ती नाकारली होती. आनंदराव म्हणाले, छापले आहे तेच बरोबर, तुमची वेल दुसरी असेल. गेनबांनी माझ्याकडे पाहिले. मी गप्प राहिले. त्याच साली त्यांनी वेल काढून गोठा बांधला.

आनंदराव आता नाहीत. त्यांनी मुखपृष्ठावर माझे नाव घातले नाही, याचा राग मी वर्षानुवर्षे धरला. तो इथे सोडते. तेव्हा तोंड उघडायला मला कोणी अडवले नव्हते.

५. बँकेतील ठेवीतून चैत्रालीने शुद्धिपत्र छापावे आणि कोश ज्या ग्रंथालयांत आहे तिथे पाठवावे. दोन नव्या पुस्तकांनी व एका संकेतस्थळाने माझे चित्र उचलले आहे. त्यांनाही कळवावे. चूक माझी, असे स्पष्ट लिहावे. 'नजरचुकीने' हा शब्द वापरू नये.

६. गेनबा पान टेबलावर विसरून गेले होते. ते मी वहीत दाबून ठेवले. गेल्या वर्षी त्यावरून सतरावे चित्र नव्याने काढले आणि नसरापूरहून रिक्षाने वरव्याला जाऊन त्यांना सगळे सांगितले. त्यांनी गोठ्याकडे पाहिले. मग म्हणाले, "तवा बोलला असता, तर वेल ऱ्हायली असती." मी हो म्हटले. त्यांच्या सूनबाईंनी, मंगलने, चहा दिला. तो मी प्याले.

नवे चित्र गेनबांना द्यायचे असे मी ठरवले होते. साक्षीदार म्हणूनही तेच हवे होते. वकिलांनी सांगितले, ज्याला काही मिळणार त्याने साक्ष न घातलेली बरी. गेनबांना विचारले. त्यांनी चित्र हातात घेऊन पानाच्या खाचांवरून बोट फिरवले, आणि परत दिले.

"चित्र नगं, बाई. सही करतो."

म्हणून ते चित्र वाचनालयाला द्यावे. खाली माझे नाव घालू नये. एवढेच लिहावे: फकडी. पान गेनबांच्या आईच्या वेलीचे, वरवे बुद्रुक.

वरील सर्व मी वाचून पाहिले व दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही केली. त्यांनीही माझ्यासमोर सह्या केल्या.

(सही) मालिनी केशव खासनीस

साक्षीदार:
१. (सही) गेनबा रखमाजी वालगुडे, वरवे बुद्रुक
२. (सही) डॉ. प्रेरणा शेटे, भोर

भोर, ९ जानेवारी २०२५